पेढे घ्या, ग्रह झाला

निमगाव केतकीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले ते चौऱ्याण्णव साल. अजून आठवडाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी डबा उघडत होते, तेवढ्यात एक उंच, काटकुळे गृहस्थ धावत आत आले. हातात वर्तमानपत्र, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. दारातूनच ओरडले,

"धडकला! अहो, गुरूला धडकला!"

मी डबा तसाच ठेवून उठले. "कुठल्या गुरुजींना? फार लागलंय का हो?"

"लागलंय म्हणजे! पृथ्वीएवढा डाग पडलाय!"

मला काही कळेना. शेजारी चित्रकलेचे जाधव सर भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बसा बाई. आकाशातला गुरू. त्याच्यावर धूमकेतू पडलाय. आणि हे आमचे कोकरे सर, विज्ञान शिकवतात. यांची दुसरी चप्पल व्हरांड्यात कुठंतरी असेल."

चप्पल खरोखरच व्हरांड्यात होती. पुढच्या चार वर्षांत ती मी किती ठिकाणी पाहिली! घंटेखाली, पाण्याच्या टाकीजवळ, एकदा तर मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली. सरांना आनंद झाला की त्यांची डावी चप्पल मागे राहायची. त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. कुणीतरी पोरगं ती आणून पायाशी ठेवायचं आणि सर बोलता बोलता तिच्यात पाय घालायचे.

आनंद व्हायला त्यांना फार काही लागायचं नाही. जगात कुठंतरी कुणीतरी काहीतरी नवीन शोधलं, एवढं पुरे. इंदापूरहून सकाळच्या एसटीनं वर्तमानपत्रं यायची. सर स्टँडवर उभ्या उभ्याच त्यांचं पान गाठायचे. आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी, बोटभर बातमी असायची. तेवढी वाचून हा माणूस दिवसभर तरंगत असे. मग जो भेटेल त्याचं मनगट धरायचं आणि अगदी हळू आवाजात, घरातली गोष्ट सांगावी तसं सांगायचं. शेवटी एक वाक्य ठरलेलं. "म्हणजे बघा, कालपर्यंत हे नव्हतं!"

मनगट धरलेला माणूस कंडक्टर असला तर गाडी खोळंबायची.

वर्गात "लिहून घ्या" असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणत, "ऐकून घ्या आणि घरी जाऊन आईला सांगा." हाच गृहपाठ. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की विचारणार, "काय म्हणाली आई?" एकदा त्यांनी विश्व प्रसरण पावतंय असं शिकवलं. सगळं एकमेकांपासून लांब लांब चाललंय, जागा वाढतेच आहे. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, आई म्हणली, व्हय का? मंग आपलीच खोली तेवढी कशी वाढंना?"

सर इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. मग शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि संध्याकाळी त्या मुलीच्या आईला सांगायला तिच्या घरी गेले. आई चुलीपुढं होती. शाळेचे सर दारात बघून तिला वाटलं, पोरीनं काहीतरी केलंय. सर म्हणाले, "वहिनी, तुमचा प्रश्न फार मोठा आहे." बाई घाबरून म्हणाली, "चुकलं असंल तर माफी करा सर, परत न्हाय इचारायची."

पंच्याण्णवच्या शेवटी शेवटी एका सकाळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आले. चेहरा असा की काय सांगावं! पहिला पेढा मुख्याध्यापकांपुढे. आमचे मुख्याध्यापक गंभीर होते, हसण्याचं त्यांना वावडं होतं. पण पेढा हातात घेऊन तेही खुलले.

"अभिनंदन, कोकरे. मुलगा?"

"नाही सर."

"मग मुलगी? लक्ष्मी आली, चांगलं झालं."

"नाही सर, ग्रह झाला."

मुख्याध्यापकांचा पेढा तोंडाजवळ थांबला.

"आपल्या सूर्यासारखाच दुसरा एक सूर्य आहे, सर. त्याच्याभोवती ग्रह सापडला! आजवर नुसता अंदाज होता की असतील, असायला हवेत. आता सापडला. आणि हे पहा, तो त्या सूर्याच्या इतका जवळ आहे, इतका जवळ, की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं! चार दिवसांत!"

मुख्याध्यापकांनी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग तिथल्या शिक्षकांना वार्षिक परीक्षा फार अवघड जात असतील."

सगळ्या खोलीत हशा फुटला. चार वर्षांत त्यांनी केलेला तो एकच विनोद, आणि तो कोकरे सरांमुळे. सरांची बायको मंदाताई नंतर मला म्हणाली, "दोन पोरी झाल्या तवा पावपाव किलो आणलं व्हतं. ह्या गिऱ्हाला किलोभर." पण हे सांगताना ती स्वतः पेढा खात होती.

सर निव्वळ भाबडे होते असं मात्र कुणी समजू नये. पुढच्या वर्षी मंगळावरून पृथ्वीवर येऊन पडलेल्या एका दगडात जीवाच्या खुणा दिसल्या, अशी बातमी आली. सर तर हवेतच होते. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे भाषण केलं. त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून पोरं दगड आणायला लागली. ओढ्यातले, बांधावरचे, देवळामागचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ढीग झाला. एक आजीबाई नातवाला ओढत शाळेत आल्या. त्यांचा वरवंटा त्या ढिगात होता.

पुढं काही महिन्यांनी आतल्या पानावर छोटी बातमी आली की दुसऱ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, त्या खुणा जीवाशिवायही होऊ शकतात. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सर प्रार्थनेला पुढे आले, तोच चेहरा, एकच चप्पल, आणि म्हणाले, "मुलांनो, आनंदाची बातमी! मी तुम्हाला सांगितलं ते कदाचित चूक आहे! कुणीतरी पुन्हा तपासलं! तो दगड एवढ्या लांबून आला, तरी त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही!" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. पोरांनीही वाजवल्या. मी मुलांना इतकी वर्षं शिकवलं, पण आपलं चुकलं हे एवढ्या खुशीत सांगता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

या सगळ्या आनंदाला एकच माणूस बधत नव्हता. सरांचे वडील.

तात्या कोकरे. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, बोलणं मोजकं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि उन्हं तापली की वर यायचं, असं तात्यांचं अर्धं आयुष्य चालण्यात गेलं होतं. मग गुडघे गेले, मुलाला नोकरी लागली, थोड्या शेतीला पाणी मिळालं आणि कळप विकला. ठेवली ती एकच मेंढी, भोरी. तिच्या आईला डाळजजवळ हमरस्त्यावर मालट्रकनं उडवलं तेव्हा ती दोन दिवसांची होती. सरांच्या आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढं सरांची आई गेली. भोरी राहिली. तात्या बाजेवर बसले की ती बाजेखाली बसायची.

सर शेतातल्या घरी पोचले की रोज वडलांना बातमी सांगत. गुरूवर धूमकेतू पडला, ग्रह सापडला, मंगळाचा दगड आला. तात्या सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "आसंल." एवढंच. सर मला म्हणायचे, "बाई, सगळ्या जगाला पटवणं सोपं आहे. माझ्या बापाच्या तोंडून एकदा 'आँ?' निघालं पाहिजे."

ते निघालं सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत.

त्या दिवशी गावचा बाजार होता. सर चहाच्या टपरीपुढे बाकड्यावर उभे होते, खाली दहापंधरा पटकेवाले म्हातारे. मी भाजी घ्यायला आले होते, गर्दी बघून थांबले.

"मेंढी!" सर सांगत होते. "त्यांनी एका मेंढीच्या कासेतला एक कण घेतला, डोळ्याला दिसणार नाही एवढा. दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं बी काढून त्याच्या जागी तो बसवला. तिसरीच्या पोटात वाढवला. आणि कोकरू झालं ते हुबेहूब पहिलीसारखं! तीच म्हणा ना! नाव ठेवलंय डॉली."

"आन् मेंढा?" एकानं विचारलं.

"मेंढा नाहीच."

"न्हाईच?"

"लागलाच नाही."

 मग एक जण म्हणाला, "म्हंजे मेंढ्याची नोकरी गेली म्हणा की."

"ह्ये कुठल्या मुलखात?" दुसऱ्यानं विचारलं.

"स्कॉटलंड. तिकडं खूप मेंढ्या आहेत. डोंगर, कुरणं. मेंढपाळही आहेत."

"धनगर हायत?"

"आपल्यासारखेच."

"मंग ठीक हाय. सोयरीक बघाय हरकत न्हाय."

हसण्याचा असा लोट उठला की बाजारातले बैल बिचकले. पण त्या सगळ्यात एक माणूस हसत नव्हता. तात्या मागे काठीवर हात ठेवून उभे होते. गर्दी बाजूला सारत ते पुढे आले आणि मुलाकडे मान वर करून बघत म्हणाले, "आँ?"

सर बाकड्यावरून खाली उतरले. उतरले कसले, पडलेच.

"मेल्याली मेंढी करत्यात का जित्ती?" तात्यांनी विचारलं.

"जिवंत, तात्या. नवीन करतात. तशीच."

"मंग माज्या भोरीची कर."

सर हसायला लागले आणि मध्येच थांबले, कारण तात्या हसत नव्हते. भोरी गाभण होती. दिवाळीच्या आधी शेतात खतासाठी एक फिरता कळप बसवला होता, त्यातल्या मेंढ्याची करामत. पण वय झालेलं. गेले काही दिवस ती चारा सोडून पडून होती, डोळे मिटून, मान टाकून. पोट मात्र डेरेदार. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

"ती आता ऱ्हात न्हाय," तात्या म्हणाले. "तू म्हणतूस तर कर. कास हाय, कण घे."

"तात्या, ते मला नाही करता येत. इथं कुणालाच नाही."

"मंग एवढं वरडून कशाला सांगतूस?"

बाजार आपापल्या कामाला लागला. सर आणि तात्या घरी निघाले, मीही रस्त्यानं बरोबर होते.  वाटेत तात्यांनी विचारलं, "त्येनी जी दुसरी क्येली, ती पैल्या मेंढीच्या धन्याला वळखती का?"

सर थांबले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "नाही, तात्या. अंग तेच. आठवण नवीन."

"मंग नगं," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तुज्या आईनं पाजल्याली हाय ती. मला हीच पायजे."

मी सरांना गप्प झालेलं तेवढं एकदाच पाहिलं. ते गप्पपण फाट्यापर्यंतच टिकलं. फाट्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई! तुमच्या वहिनीकडं ते यंत्र आलंय ना?"

माझी वहिनी बारामतीत बायकांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात नुकतंच सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. सगळ्या भागातून बायका येत.

"सर, ते बायकांसाठी आहे."

"आवाज आत जातो, आपटून परत येतो आणि चित्र होतं. आवाजाला काय कळतंय बाई आहे की मेंढी! पोटात काय आहे ते कळलं तर इलाज कळेल. विचारा तर खरं."

मी पोस्टाजवळच्या बूथवरून फोन केला.  वहिनी रागावेल असं मला वाटलं होतं. तर फोनमधून खिदळणं ऐकू आलं. "आण, ताई. उद्या रविवार, दवाखाना बंद असतो. पण मागच्या दारानं आण, आणि मेंढीला आधी पाणी पाज. पेशंटला आम्ही तेच सांगतो."

रविवारी सकाळी भाड्याच्या जीपमध्ये मागे गवत टाकून भोरीला निजवलं. डोकं तात्यांच्या मांडीवर. सर पुढे ड्रायव्हरजवळ, तरी तोंड मागे करून बसलेले. वाटेत तात्यांनी दोनदा विचारलं, "डाक्टरीण रागवंल का?" जनावरांच्या डॉक्टरांना फक्त निरोप दिला होता. आम्ही पोचलो तर ते आमच्या आधीच मोटरसायकल लावून मागच्या दारात उभे. "मला पण बघायचंय," म्हणाले. दाढी करायचीही राहिली होती त्यांची.

वहिनीनं टेबलावर चादर अंथरली होती. भोरीला चौघांनी उचलून ठेवलं. मांडीजवळ लोकर नसते, तिथं वहिनीनं ते थंडगार जेल लावलं. भोरी शिंकली.

"घाबरायचं नाही हं," वहिनी म्हणाली. तिनं दिवे मालवले, यंत्र पोटावर टेकवलं आणि सवयीनं बोलून गेली, "आता श्वास रोखून धरा."

भोरीनं ऐकलं नाही. पण तात्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. वहिनी पडद्यावर शोधत राहिली, सर टाचा उंचावून बघत राहिले, आणि तात्या लाल होत होत जांभळे व्हायला लागले. शेवटी मीच ओरडले, "तात्या, सोडा!" तेव्हा सुटला तो श्वास. भोरीनं डोळे उघडून मालकाकडे पाहिलं.

"हे डोकं," वहिनी म्हणाली. "हा कणा. आणि हे बघा, हे लुकलुकतंय ना, ते काळीज."

करड्या पडद्यावर सुपारीएवढं काहीतरी भराभर लुकलुकत होतं. 

"थांबा," वहिनी म्हणाली. यंत्र सरकवलं. "हे काय? हे दुसरं डोकं."

"दोन डोक्याचं हाय?" तात्या टेबल धरून उभे राहिले.

"नाही हो. हे दुसरं काळीज. दोन आहेत, तात्या. जुळी!"

"दोन?" तात्या म्हणाले. "आमच्यात मेंढीला एकच व्हतं. म्या जलमभर एकच बघितलं."

जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आता त्यांना सगळं उमगलं. पोटातली दोघं आईच्या अंगातली साखर ओढून घेत होती, तिच्यासाठी काही उरतच नव्हतं, म्हणून ती मान टाकून पडली होती. वय झालेल्या मेंढीला हे सोसत नाही. "मी पाण्याचं पोट समजत होतो," ते म्हणाले. "जुळी इकडं होतात कुठं! आता ग्लुकोज देऊ. घरी गुळाचं पाणी पाजा, दिवसातून चारपाच वेळा."

तात्यांनी अगदी हळू विचारलं, "नर हायत का मादी?"

वहिनीनं भिंतीकडे बोट दाखवलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.

"ते सांगायला कायद्यानं बंदी आहे, तात्या."

"मेंढीला बी?"

"माझ्या दवाखान्यात सगळ्यांना."

सर तोपर्यंत बाहेर गेले होते. मी बघायला गेले. मागच्या अंगणात ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, डोळ्यांतून पाणी, आणि हसतही होते. "बाई," म्हणाले, "म्हातारा त्या पडद्याकडं कसा बघत होता ते पाहिलंत? दिवे लावल्यावरसुद्धा बघत होता!"

त्यानंतर गुळाच्या पाण्याचा सोहळा सुरू झाला. तात्या पाजत, सर शाळेतून येऊन पाजत, मंदाताई पाजे, आणि ज्या म्हाताऱ्यांनी बाजारात ऐकलं होतं ते येता जाता डोकावून जात. शाळेतली पोरं सरांना आता उघड उघड "डॉली सर" म्हणत. सर हाकेला ओ देत. भोरी तिसऱ्या दिवशी बसली, पुढं उभी राहिली आणि एक दिवस तिनं मंदाताईच्या वाळवणात तोंड घातलं. मंदाताईनं तिला शिव्या दिल्या आणि सगळ्यांना बरं वाटलं.

मार्चमध्ये संध्याकाळी पश्चिमेला धूमकेतू दिसायला लागला. मोठा, शेपटीसकट, दुर्बिणीशिवाय. सर त्याच्यासाठी वेडे झाले होते. रोज दिवस मावळला की मुलांचा घोळका घेऊन उघड्या रानात उभे. असा पुन्हा दिसायचा नाही, आपल्या नातवाच्या नातवालासुद्धा नाही, असं ते प्रत्येकाला मनगट धरून सांगत. एक संध्याकाळ चुकवली नाही.

आणि अशाच एका संध्याकाळी भोरी व्याली.

मंदाताईनं पोरीला धाडून मला बोलावलं. मी पोचले तेव्हा पहिलं कोकरू आलं होतं आणि भोरी त्याला चाटत होती. तात्या गुडघ्यावर बसले होते, दुखरे गुडघे विसरून. सर समोर, बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत माखलेले. दुसरं अडलं होतं. तात्या म्हणत होते, "दमानं. दमानं. पाय बघ, पाय." मागे आभाळात धूमकेतू इतका स्वच्छ दिसत होता की हात लावावा.

"सर," मी म्हणाले, "वर बघा, काय दिसतोय!"

"थांबा हो बाई!" सर माझ्यावर खेकसले. पहिल्यांदा आणि शेवटचं.

दुसरं आलं. काळंभोर, निपचित. तात्यांनी त्याच्या नाकातोंडातलं बोटानं काढलं, मागचे पाय धरून उलटं केलं, गवतानं अंग घासलं. सर दोन्ही हात जमिनीला टेकवून बघत होते. बराच वेळ काही नाही. मग ते शिंकलं. अगदी आईसारखं.

तात्यांनी ते मुलाच्या मांडीवर टाकलं आणि मागे टेकले. दम खात खात ते म्हणाले, "तुज्या त्या सायबांनी एवढा खटाटोप करून एक क्येली न्हवं? हिनं गुळाच्या पाण्यावर दोन क्येली बग."

सर हसायला लागले. बाप पण हसायला लागला. दोघं चिखलात बसून, एकाच्या मांडीवर ओलं कोकरू, आणि हसणं थांबेना. सर वर बघतील म्हणून मी पुन्हा आभाळाकडे बोट दाखवलं, तर त्यांनी कोकराचं तोंड वर केलं आणि त्यालाच सांगितलं, "ते बघ. धूमकेतू."

पहिली मादी होती. तिचं नाव डॉली, तात्यांच्या तोंडी डाली. दुसऱ्या नराचं नाव सरांनी धूमकेतू ठेवलं. गावानं त्याचं धुमक्या केलं.

अठ्ठ्याण्णवमध्ये मला बारामतीची शाळा मिळाली आणि मी निमगाव सोडलं. सरांची भेट मग क्वचितच झाली. शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सूर्यग्रहणाच्या दिवशी.

मी कामासाठी इंदापूरला गेले होते. संध्याकाळी परत यायला स्टँडवर आले, गाडीत खिडकीशी बसले. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ताही नव्हता. बरेच लोक ग्रहण म्हणून घरातून बाहेरच पडले नव्हते. स्टँडच्या मोकळ्या जागेत मात्र निमगावहून आणलेल्या पोरांचा मोठा घोळका उभा होता, प्रत्येकाच्या हातात काळा चष्मा, आणि मधोमध कोकरे सर. एवढी तयारी करून सगळे ढगांकडे बघत होते. पोरं हिरमुसलेली. एक जण म्हणत होता, "चला की सर, काय दिसायचं न्हाय."

मी हाक मारणार, तेवढ्यात उजेड बदलला. संध्याकाळ होते तसा हळूहळू नाही. कुणीतरी कंदिलाची वात भराभर खाली करावी तसा. स्टँडच्या पत्र्याखाली काळोख आला. कडुनिंबावर साळुंक्यांचा गोंगाट सुरू झाला आणि एकदम थांबला. पलीकडच्या मिठाईवाल्यानं गडबडून दिवा लावला. आमचा ड्रायव्हर चावी हातात घेऊन तसाच बसला. पोरांनी चष्मे खाली केले आणि एकमेकांची तोंडं बघायला लागली.

"झालं!" सरांचा आवाज आला. "ढगाच्या वर झालंय! आपण त्याच्या सावलीत आहोत, सावलीत!"

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, पण त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं. गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. माणसं, झाड, पत्रे, सगळं राखेसारखं एक झालं होतं. त्यात फक्त सरांचा पांढरा सदरा दिसत होता, आणि तो उड्या मारत होता.